दुकान म्हणालात, त्याबद्दल

नमस्कार.

माझ्या सीए फर्मने काही क्लायंटची कामं का सोडली, हे सांगणाऱ्या 'फाइली परत दिल्या आणि फर्म वाढली' या माझ्या गेल्या आठवड्यातल्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. रात्री वाचली, सकाळी उठून पुन्हा वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी जशीच्या तशी देतो (त्यातले 'आर्टिकल' म्हणजे सीएच्या हाताखाली उमेदवारी करणारी मुलं):

"लेख वाचायला बरा आहे. पण छोट्या व्यापाऱ्यांना हाकलून देऊन फी वाढवणं याला फर्म वाढवणं म्हणत नाहीत, त्याला दुकान म्हणतात. आर्टिकल्सना किती स्टायपेंड देता तेही लिहायचं होतं. पार्टनर न घेता एकट्याची फर्म किती वर्षं चालणार? आणि सॉफ्टवेअरच्या खर्चात जीएसटी धरलेला दिसत नाही."

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे आपलं बरोबर आहे. लेखात मी वर्षाचा सॉफ्टवेअरचा खर्च 84,000 लिहिला, तो जीएसटी सोडून आहे. 18 टक्के धरले की बिल 99,120 चं होतं. मला त्याचं इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे भरलेला जीएसटी माझ्या देण्यातून वजा होतो, म्हणून माझ्या पुस्तकात खर्च 84,000 च दिसतो. पण ज्याच्या फर्मची वर्षाची उलाढाल अजून 20 लाखांच्या आत आहे आणि ज्याने जीएसटी नोंदणी घेतलेली नाही, अशा नव्या सीएला पूर्ण रक्कम खिशातून घालावी लागते. तसा खुलासा मी करायला हवा होता. लेखात दुरुस्ती केली आहे, आभारी आहे.

आता 'दुकान'.

हा शब्द आपण शिवीसारखा वापरला आहे. मतभेद असू शकतात, फी वाढवावी की नाही यावर दोन सीए एका टेबलावर बसले तर तीन मतं निघतात. पण ज्याला आपण कधी भेटलेला नाहीत त्याच्या सोळा वर्षांच्या कामाला एका शब्दात निकालात काढायचं, आणि तेही नाव न लिहिता, ही पद्धत मला पटलेली नाही. आणि शब्द निवडलात तो कोणता? दुकान!

माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका आडत दुकानात 31 वर्षं दिवाणजी होते. मी दुकानातच हिशेब शिकलो. शाळा सुटली की दप्तर घेऊन तिथेच जायचो, पोत्यांच्या थप्पीला टेकून अभ्यास करायचो. संध्याकाळी सौदे संपले, हमालांचा हिशेब चुकता झाला की वडील रोजमेळ उघडायचे. जमा, नावे, आणि शेवटी पेटीतली रोकड मोजून शिल्लक. चार रुपयांचा फरक असला तरी ते उठत नसत. आई जेवण झाकून ठेवायची. एकदा मी म्हणालो, "बाबा, चार रुपये माझ्या खाऊचे घाला आणि चला." त्यांनी मला घातलेले चार रुपये काढायला लावले आणि सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा लावल्या. तोलाईची एक पावती दोनदा चढली होती. तेव्हा मी सहावीत होतो.

त्यामुळे 'दुकान' म्हणून आपण मला खाली दाखवायला गेलात, पण तो शब्द माझ्या घरात फार वरच्या जागेवर आहे. दुकानाने माझी फी भरली, माझी सीपीटी (सीएची प्रवेश परीक्षा), माझी आर्टिकलशिप, सगळं. एका सीएने हा शब्द हलका म्हणून वापरावा याचं मला खरंच वाईट वाटलं.

आणि त्याच रोजमेळामुळे मी फाइली परत दिल्या. लेखात हे सविस्तर लिहिलं नव्हतं, घरचं आणि ऑफिसचं एकत्र करू नये म्हणून. आता लिहितो.

2018 चं टॅक्स ऑडिट, म्हणजे इन्कम टॅक्ससाठी सीएने करायची हिशेबाची तपासणी. मुदतीच्या आदल्या रात्री साडेअकरा वाजता ऑफिसात मी, दोन स्टाफ, तीन आर्टिकल. त्या वर्षी माझ्याकडे 52 टॅक्स ऑडिट होते. सीए इन्स्टिट्यूटची मर्यादा एका सभासदाला 60 ची, म्हणजे मी नियमात पूर्ण बसत होतो. शिवाय दोनशेच्या वर जीएसटी आणि इन्कम टॅक्सच्या फाइली. जीएसटीचं दुसरंच वर्ष, दर महिन्याला 20 तारखेला थ्री-बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न, आणि निम्म्या लोकांचा डेटा 19 च्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फोटो काढून येणार. ऑडिटच्या फाइली मी पाहत होतो असं म्हणणं खोटं ठरेल. आर्टिकलने तयार केलेला थ्री-सीडी, म्हणजे ऑडिटचा फॉर्म चाळायचा, ताळेबंद जुळतोय एवढं बघायचं, डिजिटल सही लावायची, पुढचा.

एका किराणा होलसेलरचा रिपोर्ट अपलोड झाला. मग मी चहा प्यायला उठलो आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचं कॅश बुक उघडंच होतं, सहज नजर गेली. डिसेंबरमध्ये सलग सहा दिवस रोकड शिल्लक उणे. उणे 1 लाख 38 हजार.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी: पेटीत शून्य रुपये असू शकतात, उणे रुपये असू शकत नाहीत. पुस्तकात रोकड उणे दिसते याचा अर्थ एक तर बँकेतून काढलेली रक्कम नोंदवायची राहिली, किंवा खर्च झालेला पैसा कुठून आला ते पुस्तकात नाही. इन्कम टॅक्सची स्क्रूटिनी, म्हणजे सखोल तपासणी लागली तर अधिकारी पहिलं बोट तिथेच ठेवणार. आणि त्या पुस्तकांवर माझी सही होती.

क्लायंटने पोर्टलवर रिपोर्टला अजून मंजुरी दिलेली नव्हती, म्हणून वाचलो. रात्री पावणेबाराला त्यांना फोन करून उठवलं, रिपोर्ट नामंजूर करायला सांगितला, रात्रभर बसून बँकेच्या स्टेटमेंटवरून दोन विड्रॉल शोधले, दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा अपलोड केला. घरी गेलो तर वडील जागे होते. त्यांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "पेटीत उणे पैसे असतात का रे?"

वडिलांच्या त्या प्रश्नापुढे तुमचं 'दुकान' काहीच नाही.

त्यानंतर नोव्हेंबर ते जानेवारी आम्ही सगळ्यांनी एका दोनशे पानी वहीत लिहिलं: कोणत्या फाइलवर किती वेळ गेला. चहा, फोन, "साहेब आहेत का" सगळं धरून. 212 क्लायंट होते. त्यातल्या 64 जणांनी आमच्या दर शंभर तासांतले 43 तास खाल्ले होते आणि शंभर रुपयांतले 14 रुपये दिले होते.

तुम्ही म्हणता "छोट्या व्यापाऱ्यांना". हे तुम्ही कुठे वाचलंत? लेखात मी 'छोटे' हा शब्द एकदाही वापरलेला नाही. त्या 64 मध्ये एक बिल्डर होता, ज्याची फी माझ्या यादीत तिसऱ्या नंबरवर होती. त्याची फाइल मी पहिली परत केली, कारण दर वर्षी मुदतीच्या दोन दिवस आधी तो पुस्तकं पाठवायचा आणि वर "बसवून द्या" म्हणायचा. आणि गणपती पेठेतले एक भांडीवाले आजही माझ्याकडे आहेत. वर्षाची फी 3,000. दर महिन्याच्या 5 तारखेला त्यांचा मुलगा तारेला ओवलेली बिलं घेऊन येतो, तारखेप्रमाणे लावलेली, वर एका कागदावर बेरीज. त्यांच्या फाइलला आमचा एक तास लागत नाही. कसोटी एकच होती: 8 तारखेपर्यंत डेटा येतो की नाही. जीएसटीआर-वन, म्हणजे विक्रीचं रिटर्न 11 ला भरायचं, थ्री-बी 20 ला. मधल्या दिवसांत पुरवठादारांनी पोर्टलवर चढवलेल्या बिलांच्या यादीशी (तेव्हा टू-ए, आता टू-बी) खरेदी जुळवायची, पुरवठादाराने बिल चढवलं नसेल तर त्याला फोन लावायचा. हे काम 19 तारखेच्या रात्री होत नाही. झालं असं दाखवता येतं, एवढंच. आणि तसं दाखवलं की क्लायंटचं क्रेडिट बुडतं, ते त्याला दोन वर्षांनी नोटीस आल्यावर कळतं.

'हाकलून देऊन' हा तर सरळ खोटा आरोप आहे. 64 पैकी प्रत्येकाला मी स्वतः भेटलो किंवा फोन केला. तीन महिने मुदत दिली. मिरजेतला एक तरुण सीए आणि इथले दोन कर सल्लागार यांच्याशी आधी बोलून ठेवलं. नव्या सीएचं पत्र आलं की त्याच दिवशी ना-हरकत दिली. ज्यांची फी थकली होती ती सोडून दिली, रक्कम लिहीत नाही. फाइली लेबल लावून, मागच्या सगळ्या रिटर्नच्या प्रती घालून दिल्या. असं हाकलतात?

पुरावा हवा असेल तर ऑगस्ट 2019 चा देतो. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ 57 फुटांच्या वर गेलं होतं. माझं ऑफिस तेव्हा गावभागात तळमजल्यावर होतं. पाणी उतरल्यावर शटर उघडलं तेव्हा कपाटं आडवी, फाइलींचा लगदा, कीबोर्डच्या फटीफटीत गाळ. दुसऱ्या दिवशी सकाळी एक माणूस पाण्याचा टँकर आणि दुकानातले तीन हमाल घेऊन दारात उभा. हळदीचे व्यापारी. मार्चमध्ये त्यांची फाइल मी परत दिली होती. दोन दिवस ते स्वतः पँट दुमडून गाळ काढत होते. त्यांच्याच गोदामाच्या गच्चीवर आम्ही कागद वाळवले, प्रत्येक पानामध्ये वर्तमानपत्र घालून. मी म्हणालो, "काका, तुमची फाइल आता माझ्याकडे नाही." ते म्हणाले, "माहीत आहे की." त्यांना फाइल परत देताना मला वाईट वाटलं होतं, आजही वाटतं. पण मी त्यांना हाकललं असतं तर ते आले असते का, याचं उत्तर तुम्हीच द्या.

फीबद्दल: हो, वाढवली. 2012 पासून 2019 पर्यंत एक रुपयाही वाढवली नव्हती. यात समर्थन देण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही.

स्टायपेंड: इन्स्टिट्यूटने ठरवलेल्या किमान रकमेपेक्षा जास्त देतो. आकडा माझ्यात आणि त्या मुलांच्यात राहील. एखाद्याची फर्म कशी चालते यावर चर्चा करताना एकदम स्टायपेंड काढायचं, म्हणजे समोरचा आपोआप गुन्हेगार ठरतो, हा प्रकार मी आपल्या व्यवसायात फार पाहिला आहे. माझ्याकडून सुटलेल्या आर्टिकल्सपैकी चौघं आज सीए आहेत आणि त्यातली एक दर दिवाळीला घरी येते. पार्टनरचा विषय मोठा आहे, त्यावर वेगळं लिहीन.

दुसऱ्या बाजूने पाहायचा प्रयत्न मी केला. तुमच्याकडे कदाचित अशीच कुणी सोडलेली फाइल आली असेल, कागद अपुरे, मागचं क्रेडिट अडकलेलं, आणि त्याचा राग माझ्यावर निघाला असेल. तसं असेल तर तसं सरळ लिहायचं होतं. त्यावर बोलता आलं असतं, मला काही शिकायलाही मिळालं असतं. माझ्या 64 पैकी तिघांची कामं पुढे नीट झाली नाहीत हे मला नंतर कळलं, आणि त्यातल्या एकाला मी नोटिशीचं उत्तर विनामूल्य लिहून दिलं. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. जीएसटीची चूक दाखवलीत त्याबद्दल पुन्हा आभार. 'दुकान' राहू द्या, तो शब्द मी घेतला. 'हाकलून देऊन' मात्र आपण मागे घ्यावं, आणि तेवढं आपल्या नावाने लिहावं.