अभिमान बाळगा, मॅच बघू नका

मालक, चारचौघांत महिला फुटबॉलचा विषय निघाला तर घाबरू नका. सोलापुरात तो निघण्याची शक्यता तशी कमीच, पण वेळ सांगून येत नाही. एखाद्या दिवशी भारताच्या मुली कुठेतरी पात्र ठरतात, व्हॉट्सअॅपवर तिरंगे फडकायला लागतात आणि पार्क चौपाटीवर कुणीतरी तोंडातला वडा न गिळताच विचारतं, "काय बे, बघितलास का मॅच?" अशा वेळी अब्रू कशी राखायची, तेवढंच इथे सांगायचं आहे.

सगळ्यात महत्त्वाचं पथ्य म्हणजे पात्रता फेरीच्या वाटेला जाऊ नये. मुख्य स्पर्धेत झेंडे असतात, गाणी असतात, चिप्सच्या जाहिराती असतात. पात्रता फेरीत नुसताच खेळ असतो. 2025 च्या जूनचंच बघा. 2026 च्या आशियाई कपासाठी 34 देश आठ गटांत खेळत होते आणि प्रत्येक गटातला फक्त पहिला संघ ऑस्ट्रेलियाला जाणार होता. दुसरा नंबर आला की सरळ घरी. आपला गट थायलंडमध्ये चिआंग माईला. 23 जूनला मुलींनी मंगोलियावर 13 गोल चढवले. हा स्कोअर कुणी सांगितला तर "हॉकीचा का?" असं विचारून मोकळं व्हावं. पुढे तिमोर-लेस्तेवर 4-0, इराकवर 5-0.

आणि मग 5 जुलै. समोर थायलंड, दोन वर्ल्ड कप खेळून आलेला संघ. मैदान त्यांचं, प्रेक्षक त्यांचे. त्या संध्याकाळी दोघांचे गुण सारखे, दोघांचे गोल 22, आणि दोघांवर एकही गोल झालेला नाही. आपल्या संगीता बासफोरने 29 व्या मिनिटाला गोल केला. मध्यंतरानंतर लगेच थायलंडने तो फेडला. 74 व्या मिनिटाला परत तिनेच मारला. 2-1. आशियाई कपात भारत आधीही खेळला होता, पण पात्रता फेरी खेळून, जिंकून आत शिरला तो पहिल्यांदाच.

तुम्ही त्या संध्याकाळी कुठे होतात, असं कुणी विचारलं तर निवांत राहा, तारीख तुमच्याच बाजूची आहे. दुसऱ्या दिवशी आषाढी होती. अर्धा जिल्हा पंढरपुरात आणि उरलेला अर्धा वारकऱ्यांना चहा-फराळ देण्यात. मॅचच्याच दिवशी वरळीत दोन ठाकरे बंधू जवळपास वीस वर्षांनी एका व्यासपीठावर आले. त्याच संध्याकाळी एजबॅस्टनला शुभमन गिल 161 धावा कुटत होता. एका माणसानं बघायचं तरी किती? यातलं कुठलंही एक कारण द्या. तिन्ही एकदम देऊ नका, संशय येतो.

बासफोर हे आडनाव मात्र पाठ करून ठेवा. तेवढ्यावर चौपाटीवरचा अर्धा तास सहज निघतो, कारण समोरच्याला तेही माहीत नसतं.

आणि कुणी टोचलंच, की मुलींचा खेळ तुम्ही बघता तरी का, तर 2 नोव्हेंबर 2025 ची रात्र काढा. नवी मुंबईत हरमनप्रीतच्या संघाने क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकला तेव्हा दिवाळीतले उरलेले फटाके तुम्हीच उडवले होते. ती रात्र जपून वापरली तर पुढची दहा वर्षं पुरेल. फक्त स्टेडियमचं नाव घेऊ नका. तेच ते डी. वाय. पाटील. जानेवारी 2022 मध्ये फुटबॉलचा आशियाई कप आपल्याकडे होता, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात. याच मैदानावर इराणशी 0-0 झालं, मग आपल्या संघात कोरोना शिरला, नियमाप्रमाणे लागणाऱ्या 13 खेळाडूही उभ्या राहिल्या नाहीत, आणि यजमान स्पर्धेतून बाद. हे आठवलं की पुढचा प्रश्न येतो. बालेवाडीला सामने होते, हुतात्मा एक्स्प्रेसने गेलं तर चार तास, गेला होतात का? तेव्हा प्रेक्षकांना प्रवेशच नव्हता, हे उत्तर शंभर टक्के खरं आहे. गॅलरी रिकामी राहायला अधिकृत कारण मिळण्याचा असा योग पुन्हा येणे नाही.

फारच अभ्यासू दिसायचं असेल तर सांगा, की 1980 साली कालिकतला आणि 1983 साली बँकॉकला याच स्पर्धेत भारत उपविजेता होता. कुणी विश्वास ठेवणार नाही, पण वजन पडतं. ऑस्ट्रेलियातल्या स्पर्धेत आपल्या गटात जपान होता म्हटल्यावर "2011 चे जगज्जेते, अवघड होतं" एवढं म्हणून मान हलवावी. व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई, म्हणजे तैवान, हेही त्याच गटात. तिथे नुसती मान हलवली तरी चालतं.

इथवर सोपं होतं. खरा धोका टीव्हीवर नाही मालक, तो तुमच्या बोळात आहे. समजा जुळे सोलापुरातली सातवी-आठवीतली एखादी पोरगी संध्याकाळी फुटबॉल घेऊन निघाली. गाफील राहू नका, पण थेट "नाही" म्हणू नका. "नाही" म्हटलं की पोरगी भांडते, रडते, कधी कधी जिंकतेही. तिला "हो" म्हणा. "जा की, कोण नको म्हणालंय? तेवढं पाणी भरून जा." आपल्या नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, आणि ते नेमकं कधी येईल हे साक्षात सिद्धरामेश्वरालाच ठाऊक. तोवर तिनं नळाजवळ बसावं. भाऊ बसू शकत नाही, त्याची क्रिकेटची प्रॅक्टिस असते.

पाण्याचा दिवस नसेल तर ऊन कामाला लावा. एप्रिल-मेमध्ये आपला पारा 42 च्या वर जातो. "काळी पडशील, कोण करून घेईल" हे वाक्य मात्र स्वतः बोलू नका, आजीकडून वदवून घ्या, मुरतं चांगलं. ऊन उतरलं की दिवेलागण होते, आणि दिवेलागणीला पोरीनं बाहेर काय करायचं? पावसाळ्यात चिखल. जानेवारीत हवा झकास असते, पण तेव्हा सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. होम मैदानावर पाळणे उभे. त्यानंतर परीक्षा. एवढं कॅलेंडर नीट लावलं की मुलीला बारा महिने खेळायची परवानगी असते, तरी ती मैदानापर्यंत पोचत नाही. आणि तुम्ही तिला अडवलंत असं कुणाच्या बापाला म्हणता येत नाही.

कपड्यांची चिंता तुम्ही करू नका. ते खातं शेजारच्या काकूंकडे आहे. "वहिनी, तुमची पोरगी चड्डीवर फिरालीय की बोळातनं" एवढं एकदा गॅलरीतून उतरलं, की पुढचं काम आईच करते.

शाळेवर भरवसा ठेवायला हरकत नाही. पीटीचा तास तिथे गणिताला दिलेला असतो. सुब्रतो कपाचं, म्हणजे शाळांच्या फुटबॉल स्पर्धेचं, पत्र आलंच तर खो-खोच्या मुलींना उसनं घेऊन अकरा नावं भरतात. बिचाऱ्या खो-खोच्या मुली पळतात मात्र जिवाच्या आकांतानं, चेंडू मिळाला की थबकून बघतात, आता काय. जिल्ह्यात मुलींचा दुसरा संघच आला नाही तर प्रश्नच मिटला, पुढे चाल! संघ न खेळता विभागाला पात्र. देशाच्या मुलींना जिथे 22 गोल करूनही शेवटच्या संध्याकाळपर्यंत जीव टांगणीला लावावा लागला, तिथे आपण चेंडूला पाय न लावता पुढे. विभागात पुण्याच्या मुली आठ-नऊ गोलांनी धुतात, पण सर्टिफिकेटवर स्कोअर छापत नाहीत.

इतकं करूनही एखादी निसटतेच. पहाटे पाचला सायकल काढते, भावाचे जुने बूट कापूस कोंबून घालते, आणि एक दिवस तिचं नाव राज्याच्या संघात येतं. अशा वेळी अजिबात डगमगू नका. आधी सात रस्त्याला फलक लावा. वरच्या ओळीत साहेब, त्यांच्याखाली युवा साहेब, त्यांच्या बाजूला आपण स्वतः मोबाइल कानाला लावून, आणि जागा उरली तर खाली कोपऱ्यात ती. फोटो मिळाला नाही तर नेटवरून एखादा चेंडूसकटचा उचलावा. मग सत्कार करा. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, आणि आपल्या गावची म्हणून एक चादर. "आम्हाला पहिल्यापासून खात्री होती" हे भाषणात दोनदा यायला हवं.

बूट मात्र देऊ नका. बुटांचा नंबर विचारावा लागतो, आणि तो विचारायचा तर स्टेजवर बसलेल्या मुलींपैकी फुटबॉलवाली कोणती, हे आधी कुणाला तरी माहीत असावं लागतं.