'०.४९ करा, रन होतो': एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कॉम्प्युटरवरच्या रबराच्या मॉडेलवर, म्हणजे भागाचे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडून त्याचं वर्तन मोजण्यावर, मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की सोल्व्हर (त्याची समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम) अडला म्हणून मटेरियल टेस्ट उकरत बसणं हा कॉलेजातला उद्योग आहे. अंधेरीच्या ऑफिसात संध्याकाळी रिपोर्ट द्यायचा असतो, तेव्हा प्वासाँ रेशो (ओढल्यावर वस्तू बाजूने किती आकसते त्याचं प्रमाण; ०.५ म्हणजे आकारमान अजिबात न बदलणारी) ०.४९ करायचा, स्टॅबिलायझेशन (हालचालीला कृत्रिम अडथळा, म्हणजे डॅम्पिंग) चालू करायचं, रन, म्हणजे कॉम्प्युटरचा हिशेब, पूर्ण होतो. 'यात चुकतं काय?' असं तुम्ही विचारलंत. प्रश्न सरळ आहे, उत्तरही तसंच देतो.

उड्डाणपुलाखालच्या बेअरिंगचं (पुलाचा भार पेलणाऱ्या रबरी उशीचं) उदाहरण तुम्हीच दिलंत, तेच घेऊ. निओप्रीन या रबराचा शिअर मोड्युलस (तिरकं सरकायला होणारा विरोध) ०.९ मेगापास्कल धरा. बल्क मोड्युलस (आकारमान बदलायला होणारा विरोध) साधारण २००० मेगापास्कल असतो, म्हणजे खरा प्वासाँ रेशो ०.४९९८ च्या जवळ जातो. तुम्ही तो ०.४९ केलात की बल्क मोड्युलस थेट ४५ वर उतरतो. कागदावर दशांशातला फरक, आत चाळीसपटीहून जास्त घट.

मोकळी रबरी पट्टी ओढत असतात तर मी काही बोललो नसतो, कारण तिथे रबराला बाजूने आकसायला मोकळीक असते आणि बल्क मोड्युलसचा फारसा संबंधच येत नाही. बेअरिंगमध्ये मात्र रबराचे थर पोलादी पत्र्यांना चिकटवलेले असतात. फुगायला जागा फक्त कडेला. भार पेलला जातो तो आकारमान बदलायला रबर विरोध करतं म्हणून. शेप फॅक्टर (थराचं भार घेणारं क्षेत्रफळ भागिले त्याच्या मोकळ्या कडेचं क्षेत्रफळ) ८ ची गोल बेअरिंग घेऊन ढोबळ हिशेब करा. शिअर मोड्युलसची सहापट गुणिले शेप फॅक्टरचा वर्ग, म्हणजे सुमारे ३४५ मेगापास्कल. २००० चा बल्क मोड्युलस त्याला सिरीजमध्ये (एकापुढे एक लावलेल्या दोन स्प्रिंगसारखा) जोडला की दाबातली ताठरता २९५ च्या आसपास येते. २००० च्या जागी ४५ घाला, उत्तर येतं ४०. बेअरिंग सातपट मऊ झाली! रन पूर्ण झाला हे मान्य, पण तो तुमच्या बेअरिंगचा नाही.

आणि याचा उपाय तर तुमच्या शॉर्टकटइतकाच झटपट आहे. जवळजवळ न दबणाऱ्या रबराला साधे एलिमेंट लावले की ते लॉक होतात, म्हणजे खोटे ताठ होतात, कारण विस्थापनातूनच दाब काढायचा त्यांचा प्रयत्न त्या रेशोला झेपत नाही. हायब्रिड एलिमेंट दाब स्वतंत्र अज्ञात म्हणून सोडवतात. अबॅकस या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एलिमेंटच्या नावाअखेर एच लावायचा, इतकंच. प्वासाँ रेशोला हात लावायची गरजच उरत नाही.

आता मटेरियलकडे. मी त्याच्या मागे का लागतो ते एका हिशेबावरून दाखवतो, कॅल्क्युलेटरवर ताडून पाहा. फक्त ओढण्याच्या टेस्टवरून मूनी-रिव्हलिन हे दोन स्थिरांकांचं रबराचं सूत्र बसवलं आणि पहिला स्थिरांक ०.५, दुसरा उणे ०.२ मेगापास्कल आला असं समजा. बेरीज धन आहे, ताणातला आलेखही गुळगुळीत दिसतो, कुणालाच शंका येत नाही. हेच रबर एकाच दिशेने दाबा. लांबी ८० टक्के उरली की मूळ क्षेत्रफळावरचा ताण ०.३८, ६० टक्क्यांना ०.७३, ५५ टक्क्यांना ०.७५. त्याच्या पुढे तो घसरायला लागतो, ५० टक्क्यांना ०.७० होतो आणि ४० टक्क्यांना शून्य! अर्ध्याहून जास्त दाबलेलं रबर फुकटात दबतंय, असं मॉडेल सांगतं. न्यूटन-रॅफसन (सोल्व्हरची पायरीपायरीने उत्तर शोधण्याची पद्धत) तिथे अडणारच. टँजंट स्टिफनेस (त्या क्षणाची ताठरता, आलेखाचा उतार) उणे झाल्यावर त्याला पुढची वाट दिसणार कुठून? तुम्ही इन्क्रिमेंट (भाराचे टप्पे) लहान करा, इटरेशन (प्रत्येक टप्प्यातले प्रयत्न) वाढवा, कसलाही फरक पडणार नाही. चूक सोल्व्हरमध्ये नाहीच, ती त्या उणे ०.२ मध्ये आहे. समद्विअक्षीय (दोन्ही दिशांना सारखं) ओढण्याची एक टेस्ट जोडली असती तर ती तेव्हाच पकडली गेली असती, कारण न दबणाऱ्या रबरासाठी ती टेस्ट आणि एका दिशेने दाबणं एकच.

अशा जागी स्टॅबिलायझेशन लावलंत की कृत्रिम डॅम्पिंग तो उणेपणा झाकतं आणि रन पुढे सरकतो. म्हणून मला ते खटकतं: तापाचा आकडा नको म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखं आहे हे. तरी ते कधीच वापरू नका असं मी लेखातही म्हटलेलं नाही. कॉन्टॅक्ट (भागांचा एकमेकांना स्पर्श) जुळायच्या आधी भाग मोकळा तरंगत असेल, किंवा सीलची ओठासारखी कड अचानक उलटत असेल, तर जरूर वापरा. फक्त मग डॅम्पिंगमध्ये गेलेली ऊर्जा आणि एकूण अंतर्गत ऊर्जा एकाच आलेखावर काढा आणि तो आलेख रिपोर्टमध्ये जोडा. पहिली दुसऱ्याच्या तुलनेत नगण्य नसेल, तर तो रिपोर्ट पाठवू नका. एक्सप्लिसिट पद्धतीलाही (जी हालचाल काळाच्या बारीक पायऱ्यांत मोजते) हाच नियम, तिथे गतिज ऊर्जा बघायची.

रबर स्वतःही कधी खरोखर अस्थिर होतं, हे विसरून चालणार नाही. मॉरिस बिओ यांनी १९६३ मध्ये दाखवलं की निओ-हुकियन (सर्वांत साध्या सूत्राचं) रबर प्लेन स्ट्रेनमध्ये (एका बाजूची रुंदी बदलू न देता) दाबत नेलं तर सुमारे ४६ टक्क्यांना पृष्ठभाग सुरकुतू शकतो. प्रत्यक्षात खोल घड्या तर त्याआधीच, ३५ टक्क्यांच्या आसपास पडतात. तिथे सोल्व्हर अडला तर तो खरं बोलतोय.

राहिला संध्याकाळचा रिपोर्ट. घाई मलाही असते, म्हणूनच सेटिंग बदलण्याआधी मेसेज फाइल (सोल्व्हरने लिहिलेली नोंद) उघडतो. सर्वांत मोठा रेसिड्युअल (बलांच्या हिशेबात उरलेली तफावत) दर इटरेशनला त्याच नोडवर (एलिमेंट जुळतात त्या बिंदूवर) असेल तर तो नोड मॉडेलमध्ये शोधा. बहुतेकदा तिथे चेपलेला एलिमेंट किंवा धारदार कोपरा सापडतो. कॉन्टॅक्ट आळीपाळीने उघडत-मिटत असेल तर पृष्ठभागाची जाळी बारीक करा. रेसिड्युअल वर्गाच्या वेगाने न उतरता रडतखडत उतरत असेल आणि मटेरियल तुम्ही स्वतः लिहिलेल्या सबरुटीनमधलं (प्रोग्रॅमच्या तुकड्यातलं) असेल, तर टँजंट तपासा.

सायनचा उड्डाणपूल २०२० मध्ये बेअरिंग बदलायला टप्प्याटप्प्याने बंद होता, तेव्हा तिथल्या वाहतुकीचे हाल मुंबईकरांनी पाहिलेत. एकदा पुलाखाली बसलेली बेअरिंग पुन्हा काढायची म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुमच्या मॉडेलचे स्थिरांक आणि अडलेल्या इन्क्रिमेंटचा मेसेज फाइलमधला तुकडा इथेच खाली टाका. कोणत्या स्ट्रेनला ते मॉडेल ढासळतं, हे मी हिशेब करून सांगतो.