'कार्नो कशाला?' विचारणाऱ्या 'अनामिक' यांना उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला म्हणून थांबलो, दुसऱ्यांदा वाचली तर पुन्हा आला. तेव्हा आता लिहूनच टाकतो.

एमएस्सीला स्टॅटमेक (सांख्यिकीय यामिकी, अणुरेणूंच्या हिशेबातून पदार्थाचे गुणधर्म काढणारी) सुरू करण्याआधी थर्मो (उष्मागतिकी, उष्णता आणि कामाचं शास्त्र) पुन्हा एकदा नीट करा, अगदी कार्नोपासून, म्हणजे त्यांच्या आदर्श उष्णता-इंजिनाच्या चक्रापासून करा, असं मी गेल्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिता: "काका, एंट्रॉपी म्हणजे मायक्रोस्टेट्सच्या संख्येचा लॉग, एवढं कळलं की सगळं थर्मो आपोआप हातात पडतं. बोल्ट्झमन होऊन गेल्यावरही वाफेची इंजिनं उगाळत बसणं म्हणजे मुलांचं सत्र वाया घालवणं." (एंट्रॉपी म्हणजे ढोबळमानाने विस्कळीतपणाचं माप, मायक्रोस्टेट म्हणजे अणुरेणूंची प्रत्येक शक्य मांडणी, आणि या दोघांना जोडणारं लॉगचं सूत्र बोल्ट्झमन यांच्या नावावर.) शिवाय तीन तक्रारी: या नादात आयझिंग मॉडेल (चुंबकत्वाचं सोपं प्रारूप) सत्राच्या शेवटी कसंबसं उरकलं जातं, गिब्जचा विरोधाभास (एकाच वायूचे दोन भाग मिसळले तरी हिशेबात एंट्रॉपी वाढलेली दिसते तो) मी अर्धवट सांगितला, आणि हेल्महोल्ट्झ मुक्त ऊर्जेला (ठरलेल्या तापमानाला ज्या ऊर्जेतून काम काढता येतं तिला) एकाच लेखात कुठे 'एफ' तर कुठे 'ए' म्हटलं.

शेवटची तक्रार मान्य. आता सगळीकडे 'एफ' केलं आहे. आभार.

आता 'काका'. वयाने असेनही, पण तुमच्या वाक्यात ते वयासाठी आलेलं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि मलाही. 'उगाळत बसणं' हाही शब्द तुम्ही नीट निवडून घातला आहे. मतभेद असू द्या, मी कुणाचं मत अडवत नाही. पण नाव न लावता लिहिणाऱ्याने निदान सूर तरी सांभाळावा, एवढी अपेक्षा गैर नसावी. केस काळे होते तेव्हापासून मी एमएस्सीच्या तोंडी परीक्षा घेतो आहे. तुमच्या 'आपोआप'चं काय होतं ते तिथे दिसतं. मुलगा ग्रँड कॅनॉनिकल पार्टिशन फंक्शन (सगळ्या मायक्रोस्टेट्सची भारित बेरीज) धडाधड लिहितो, बोस-आइन्स्टाइन वितरणही (फोटॉनसारखे, म्हणजे प्रकाशाच्या कणांसारखे कण ऊर्जापातळ्यांवर कसे वाटले जातात ते) लिहितो. मग विचारावं, "फोटॉनचं केमिकल पोटेन्शियल शून्य का घेतलंस?" की समोर शांतता. फार तर "सर, पुस्तकात तसंच आहे." उत्तर थर्मोत आहे आणि एका ओळीचं आहे: फोटॉनांची संख्या जपली जात नाही, ठरलेल्या तापमानाला आणि आकारमानाला ती मुक्त ऊर्जा किमान होईल तिथे स्थिरावते, म्हणून मुक्त ऊर्जेचं त्या संख्येशी डेरिव्हेटिव्ह शून्य. केमिकल पोटेन्शियल म्हणतात ते यालाच. ही मुलं ढ नसतात. कित्येक जण पुढे नेटही काढतात. त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की थर्मो आपोआप येतं.

बरं, बोल्ट्झमनचं नाव तुम्हीच काढलंत म्हणून विचारतो. कृष्णपदार्थाच्या (पडेल तेवढं सगळं प्रारण शोषणाऱ्या आदर्श पदार्थाच्या) प्रारणाची ऊर्जाघनता तापमानाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढते, हे त्यांनी 1884 साली कसं काढलं? प्रारणाचा दाब ऊर्जाघनतेच्या एक तृतीयांश, हे मॅक्सवेलच्या विद्युतचुंबकी सिद्धांतातून घेतलं, त्याला थर्मोच्या दुसऱ्या नियमाची (बंदिस्त व्यवस्थेची एंट्रॉपी कधी कमी होत नाही) जोड दिली, झालं काम. आजचा विद्यार्थी हे अर्ध्या पानात करतो. स्टेफान यांनी 1879 साली प्रयोगांच्या आकड्यांवरून जो नियम सुचवला होता, त्याला असा सैद्धांतिक आधार मिळाला. मायक्रोस्टेट किती मोजले? एकही नाही. प्रारणाचे ते मोजायचे कसे, याची वाट 1900 साली प्लांकपाशी उघडली. त्या नियमातला स्थिरांक प्लांकशिवाय येत नाही, हे मलाही माहीत आहे, तेवढंच लिहून घाईघाईने पाठवू नका. मुद्दा असा की लॉगवाल्या सूत्रासाठी ज्यांची समाधी दाखवायला लोक व्हिएन्नाला जातात, ते स्वतः गरज पडली तेव्हा थर्मोकडेच गेले. तुमच्या हिशेबाने तेही उगाळतच बसले होते म्हणायचे.

आणि ही काही जुन्या काळाचीच गोष्ट नाही. कृष्णविवराला एंट्रॉपी असते आणि ती त्याच्या क्षितिजाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते, हे बेकेनस्टाइन यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं तेव्हा तिथले मायक्रोस्टेट कोणते हे कुणालाच माहीत नव्हतं. काही खास प्रकारच्या कृष्णविवरांसाठी ते मोजून दाखवले स्ट्रोमिंजर आणि वाफा यांनी, 1996 साली. तोवर सगळी मदार दुसऱ्या नियमावर.

आयझिंग उरकलं जातं, खरं आहे. त्याची कारणं वेगळी आहेत, आणि ती कुठल्याही महाविद्यालयाच्या वेळापत्रकात दिसतील. त्यावर इथे वाद नको. गिब्जच्या विरोधाभासातला एन फॅक्टोरियल (एकसारख्या कणांची अदलाबदल वेगळी मोजली जाऊ नये म्हणून भागायची संख्या) नेमका कुठून येतो यावर जाणती माणसं अजून भांडतात. तुमच्यापुरता तो एका ओळीत मिटला असेल तर अभिनंदन.

राहता राहिला कार्नो. त्यांचं पुस्तक 1824चं. त्यातल्या चक्राचा विचार बर्फ आणि पाण्याला लावून जेम्स थॉमसन यांनी 1849 साली सांगितलं की दाब वाढवला तर पाण्याचा गोठणबिंदू खाली उतरला पाहिजे, एका वातावरणामागे सुमारे 0.0075 अंश सेल्सिअस. असं काही असतं याची तोवर दखलही नव्हती. दुसऱ्याच वर्षी त्यांचे भाऊ विल्यम, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी प्रयोग करून ते पडताळलं. तुमच्या पद्धतीत हा आकडा आपोआप पडायला हवा. तेव्हा पाण्याचं पार्टिशन फंक्शन लिहा, बर्फाचं लिहा, आणि आकडा काढा. थर्मोतून आलेलं एकही समीकरण मध्ये वापरायचं नाही, क्लॉसियस-क्लॅपेरॉन (दाबाबरोबर गोठणबिंदू कसा बदलतो ते सांगणारं) तर नाहीच. वहीच्या पानाचा फोटो टाकलात तरी चालेल. खाली नाव घालायला मात्र विसरू नका.