‘तारीख चुकली? नवा दावा टाका’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका

मावशीचा दावा फोर्टच्या सिटी सिव्हिल कोर्टात डिसमिस झाला, हे मला 22व्या दिवशी कळलं. तोवर ती निवांत होती, कारण गिरगावातल्या त्यांच्या चाळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेला मेसेज तिने वाचला होता: ‘तारखेला गैरहजर राहिल्यामुळे दावा निघाला तर घाबरू नका. तीन वर्षांत केव्हाही नवा दावा टाकता येतो. वकिलाची चूक असेल तर कोर्ट आपोआप दावा पुन्हा चालू करतं. नाहीतर डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडा.’ वकिलाच्या ऑफिसात क्लार्क म्हणून माझं आयुष्य गेलं. हे वाचून डोकं फिरलं.

नव्या दाव्याचा सल्ला सगळ्यात घातक. आधी रोजनामा, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाची नोंद, काढून बघा, त्या दिवशी हजर कोण होतं. दोन्ही बाजू गैरहजर असतील, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 9, नियम 4 प्रमाणे नवा दावा टाकता येतो, तोही मुदत शिल्लक असेल तरच. मेसेजमधलं खरं काय ते एवढंच. पण वादी नाही आणि प्रतिवादी हजर राहून दावा नाकारतोय, अशा वेळी दावा नियम 8 खाली डिसमिस होतो. मग नियम 9 त्याच कारणावरून नवा दावा टाकायला सरळ मनाई करतो. मावशीच्या रोजनाम्यात प्रतिवादीचे वकील हजर असल्याची नोंद आहे. म्हणजे तिला वाट एकच: त्याच कोर्टात रिस्टोरेशनचा, म्हणजे दावा पुन्हा चालू करण्याचा अर्ज.

त्या अर्जाला मुदत किती? 30 दिवस. मुदत कायदा 1963, अनुच्छेद 122. दिवस मोजायचे डिसमिसच्या तारखेपासून, तुम्हाला कळलं तेव्हापासून नव्हे. मावशीकडे उरले होते आठ. उशीर झालाच तर त्याच कायद्याच्या कलम 5 खाली माफी मागता येते, पण तिथे ‘ग्रुपवर वाचलं होतं’ हे कारण कोण ऐकणार? आणि त्या ‘तीन वर्षां’चं म्हणाल, तर दाव्याची मुदत दावा डिसमिस झाल्यापासून नव्याने सुरू होत नाही. शिवाय सगळ्या दाव्यांना ती तीन वर्षं नसतेही. मालकी हक्कावरून जागेचा ताबा मागायला 12 आहेत.

वकिलाच्या चुकीचं अर्धं मान्य करावं लागेल. रफिक विरुद्ध मुन्शीलाल, 1981: वकील आले नाहीत म्हणून पक्षकाराचं अपील गेलं, आणि सुप्रीम कोर्टाने ते पुन्हा चालू केलं. वकिलावर विसंबलेल्या पक्षकाराला शिक्षा नको, असं म्हणून खर्च त्या गैरहजर वकिलाकडून वसूल करायला सांगितलं. पण आपोआप काय झालं त्यात? पक्षकाराने आधी हायकोर्टात अर्ज केला, तो फेटाळला गेला, मग तो दिल्लीला गेला. अर्ज, प्रतिज्ञापत्र, समोरच्याला नोटीस, गैरहजेरीचं पुरेसं कारण, हे सगळं लागतंच. अर्ज फेटाळला तर त्याच दिवाणी संहितेच्या ऑर्डर 43 खाली अपील आहे. हात बांधून बसलेल्यासाठी काहीही नाही.

सर्टिफिकेटबद्दल एकच सांगतो. आजार खरा असेल तर जरूर जोडा. खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे.

वकिलाच्या फीसाठी कुणी थांबू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळू शकतो, उत्पन्न कितीही असो.

मावशीचा अर्ज 27व्या दिवशी दाखल झाला. कारण खरं तेच लिहिलं: वकिलांनी ऑफिस हलवलं, तारीख तिला कळवलीच नाही. याआधी ती एकही तारीख चुकली नव्हती, ते रोजनामे सोबत जोडलेत. समोरच्यांना नोटीस निघाली आहे.