तिसरी शिट्टी

गेल्या रविवारी वरच्या मजल्यावरचे काका दारात येऊन म्हणाले, "पंप कोरडा फिरतोय. ऐकू येतंय ना?" मी म्हणालो, "येतंय." येतच होतं. ते तरातरा जिना उतरून पंपाकडे गेले, मी आत जाऊन आवाज कमी केला आणि पंप दुरुस्त झाला. वॉचमनला शाबासकी मिळाली असं नंतर कळलं.

मी मॉड्युलर सिंथेसायझर वाजवतो. 'वाजवतो' हा शब्द आमच्या घरात मान्य नाही. आईच्या मते मी 'वायरी खुपसतो', आणि खरं सांगायचं तर तिचंच वर्णन जास्त नेमकं आहे. माझ्या या वाद्याला पट्ट्या नाहीत, तारा नाहीत. एका खोक्यात सुटे भाग, म्हणजे मॉड्यूल, शेजारीशेजारी बसवलेले. एक आवाज काढतो, तो ऑसिलेटर; दुसरा तो आवाज गाळतो, तिसरा त्याला उठवतो-बसवतो, आणि ही सगळी सोयरीक जुळवायला साडेतीन मिलिमीटर पिनांच्या रंगीत वायरी. सूर म्हणजे इथे व्होल्टेज. एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर. म्हणजे बारा स्वरांत एक व्होल्ट वाटायचा, प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ८३ मिलिव्होल्ट. बटणाला कोपर लागलं की षड्जाचा ऋषभ होतो. त्यात हे भाग तापले की सूर सरकतो, त्यामुळे पुण्याच्या मे महिन्यात माझा दुपारचा षड्ज सकाळच्या षड्जाला ओळख देत नाही.

दुसरी गंमत म्हणजे इथे काही साठवून ठेवता येत नाही. वायरी उपटल्या की आवाज गेला. मी फोटो काढून ठेवतो. दुसऱ्या दिवशी त्या फोटोत फक्त शेवयांचा उपमा दिसतो.

पण ह्यातलं काहीच खरं संकट नाही. खरं संकट आहे, झालेलं कुणाला तरी ऐकवायचं.

पहिल्यांदा मी बावीस मिनिटांची रचना घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. चार सेकंदांत मामाचा अंगठा आला. बावीस मिनिटं चार सेकंदांत ऐकण्याची ही सिद्धी त्याला कुठल्या गुरूनं दिली, विचारायचं राहून गेलं. नागपूरच्या चुलतभावानं 'फाइल खराब आहे, परत पाठव' असं कळवलं. आत्या म्हणाली, 'छान आहे रे. गाणं कुठून सुरू होतं?' आणि मावशीचा थेट फोनच आला, "कुणाचं काही झालं का?"

तेव्हापासून मी घरची माणसं सोडून जगाकडे वळलो. जगात माझ्यासारखे वायरी खुपसणारे पुष्कळ आहेत. १९९० च्या दशकात जर्मनीच्या डीटर डॉपफर यांनी या सुट्या भागांचं एक ठरावीक माप रूढ केलं, युरोरॅक म्हणून. मग कुणाचाही भाग कुणाच्याही खोक्यात बसू लागला आणि पगार कुठे जातो हे बायकांना कळेनासं झालं. एका बऱ्या भागाच्या पैशात एकदारी फ्रिज येतो. ही तुलना माझी नाही, घरातून आलेली आहे.

तर या मंडळींत लग्नातल्या आहेरासारखा व्यवहार चालतो. तुम्ही माझी वीस मिनिटं ऐकलीत, आता मला तुमची ऐकणं आलं. वही कुणी ठेवत नाही, पण पाठ सगळ्यांना असतं. मीही इतरांसारखाच लबाड आहे. मधेच कुठेतरी बोट ठेवून 'सात मिनिटं बारा सेकंदांना जे उलगडतं ते विलक्षण' असं लिहून मोकळा होतो. एकदा मात्र बेल्जियमच्या एका गृहस्थांची रचना प्रामाणिकपणे, डोळे मिटून ऐकली. छातीत खोलवर उतरणारी एकसुरी घुरघुर, बारीक कंप, मधेच एक टक्. चाळिसाव्या मिनिटाला डोळे उघडले. रचना अठ्ठाविसाव्या मिनिटालाच संपली होती. पुढची बारा मिनिटं मी आमचा फ्रिज ऐकत होतो. तरीही मी 'शेवट सर्वांत आवडला' असंच कळवलं.

निराश झालो की मी अहमदाबाद आठवतो. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी 'मूग' नावाच्या अमेरिकन कंपनीचा सिंथेसायझर बसवला आणि आपल्या लोकांनी त्यावर पुढची दोन-तीन वर्षं मनसोक्त प्रयोग केले. त्या टेप नंतर संस्थेतच पडून होत्या. निवडक रचनांचा संग्रह निघाला २०२३ मध्ये. म्हणजे पन्नासेक वर्षं दम धरला तर श्रोता मिळतो.

मला तो गेल्या महिन्यात मिळाला. फिनलंडचा कुणी अनोळखी माणूस. त्यानं पूर्ण रचना ऐकली होती, कारण विचारलं ते शेवटाबद्दल होतं: 'अकरा मिनिटं चाळीस सेकंदांपासून तीनदा येणारा तो चढता, फाटत जाणारा आवाज कुठल्या मॉड्यूलचा? त्याचा उतार अफाट आहे.'

मी चक्रावलो. असं काही मी केलंच नव्हतं. हेडफोन लावून ऐकलं. त्या दिवशी रेकॉर्डिंगची केबल मुलानं प्रिंटरला नेली होती, म्हणून मी टेबलावर फोन ठेवून ध्वनिमुद्रण केलं होतं. दार उघडं होतं. आणि स्वयंपाकघरात बायकोनं कुकर लावला होता.

मी विचारात पडलो. वाफ कोंडते, दाब वाढतो, शिट्टी उचलली जाते, दाब उतरतो, शिट्टी बसते, पुन्हा वाफ कोंडते. हा तर चांगला ऑसिलेटर आहे! वर मेच्या उन्हात बेसूर होत नाही, आणि उद्या पुन्हा तोच लावला तरी तसाच वाजतो. माझ्या अख्ख्या खोक्यात हे दोन्ही गुण असलेला एक भाग नाही.

बायकोला ते पत्र वाचून दाखवलं. तिनं 'अफाट उतार' दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाली, "मग माझं नाव कुठाय?"

नाव घातलं. फिनलंडला खरं काय ते कळवलं. त्यानं पुढची रचना कधी येतेय विचारलं, आणि हा आवाज असणारच ना, तेही विचारलं.

या रविवारी मी वायरी लावून, दार उघडं टाकून, फोन मांडून बसलो. आतून गॅस पेटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तिची हाक.

"ऐक रे, तुरीच्या डाळीच्या तीनच होतील. जास्त हव्या असतील तर छोले आदल्या रात्री भिजत घालायला सांगायचं!"