हायब्रिड हायक्रॉसचं फॉरवर्ड आणि आमच्या बंड्याचा हिशेब

आमच्या भावकीच्या ग्रुपवर टोयोटाच्या इनोव्हा हायक्रॉसच्या हायब्रिड मॉडेलचं (पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर असलेलं) एक फॉरवर्ड तिसऱ्यांदा आलंय. मजकूर साधारण असा: "सात जणांचं कुटुंब असेल तर डोळे झाकून हायक्रॉस हायब्रिड घ्या. लिटरला 23 चं अ‍ॅव्हरेज, वरचे पैसे दोन वर्षांत वसूल, हायवेला तर तोडच नाही, हायब्रिड म्हणून टॅक्स माफ, शंभर टक्के इथेनॉलवर चालते, आणि सात जण सामानासकट आरामात." चुलतभाऊ बंड्या हे वाचून टोकन भरायला निघाला होता, म्हणून लिहायला बसलो. गाडी चांगली आहे. डोळे उघडे ठेवून घ्यावी, एवढीच माझी तक्रार.

आधी 23 चं बघू. 23.24 हा आकडा खोटा नाही. पण तो एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीतला, म्हणजे रोलरवर ठरावीक पद्धतीने चालवलेल्या गाडीचा. फुल एसी, सात माणसं आणि टपावर बांधलेल्या बॅगा त्या चाचणीला नसतात. त्याच चाचणीत साध्या पेट्रोल हायक्रॉसला 16.13 मिळतात. हा दुसरा आकडा फॉरवर्डमध्ये कधीच नसतो, आणि नेमका तोच लागतो.

कारण "दोन वर्षांत वसूल" हे त्याच दोन आकड्यांनी तपासता येतं. बंड्याचं रनिंग महिन्याला हजार किलोमीटर, वर्षाला 12,000. साध्या पेट्रोलला 744 लिटर, हायब्रिडला 516. वाचले 228 लिटर. पेट्रोल 104 रुपये धरलं तर वर्षाला 23,700 रुपये. दोन गाड्यांच्या ऑन-रोड किमतीत 5 लाखांचा फरक धरा (तुमच्या कोटेशनमध्ये जो असेल तो घाला, वरच्या मॉडेलला फीचर्सही जास्त असतात, ते वेगळं मोजा), तर वसूल व्हायला एकवीस वर्षं. तेही चाचणीतल्याच आकड्यांनी!

आता हायब्रिडच्या बाजूनेही बोलतो. पुण्यात रोज चांदणी चौक ते हिंजवडी असं रांगत जाणाऱ्याला फायदा याहून बराच जास्त. अशा ट्रॅफिकमध्ये साधी पेट्रोल 10 वर आली आणि हायब्रिडने 16 दिले असं धरू. मग त्याच 12,000 किलोमीटरला 450 लिटर वाचतात, वर्षाला जवळपास 47,000 रुपये. रनिंग दुप्पट असेल तर साडेपाच वर्षांच्या आत हिशेब जुळतो. हे मी नाकारत नाही. मात्र दोन वर्षं कुठल्याच बाजूने निघत नाहीत.

"हायवेला तोड नाही" हे तर नेमकं उलटं आहे. हायब्रिडची कमाई थांबण्यात आणि ब्रेकमध्ये असते. सिग्नलला इंजिन बंद, हळू चालताना मोटर, ब्रेक दाबला की वाया जाणारी ताकद बॅटरीत. एक्सप्रेसवेवर शंभरच्या स्पीडला ब्रेकच लागत नाही; मग परत काय मिळवणार? बहुतेक वेळ इंजिनच ओढतं आणि दोन गाड्यांमधलं अंतर कमी होतं. गंमत अशी, की आपण तीन रांगांची गाडी घेतो तीच मुळी गावच्या लांब प्रवासासाठी. आणि बंड्या तर ऑफिसला स्कूटरवर जातो, गाडी निघणार ती शनिवारी कोल्हापूरला.

उतरणीची एक गोष्ट फॉरवर्डमध्ये नाही, पण माहीत असू द्या. आंबोलीसारखा लांबलचक घाट उतरताना बॅटरी भरत जाते. ती भरली, की पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नसतानाही इंजिनचा आवाज चढतो. गाडी बिघडलेली नसते, इंजिन ब्रेकचं काम करत असतं. मागून आई "अरे, काय झालं?" विचारणार, तयारी ठेवा.

टॅक्सचं थोडक्यात. हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला होता उत्तर प्रदेशने, जुलै 2024 मध्ये. महाराष्ट्रात तशी माफी नाही. पूर्ण इलेक्ट्रिक आणि हायब्रिड यांची गल्लत आपल्याकडे फार होते. जीएसटीत पूर्वी मोठ्या एसयूव्हीला सेससकट 50 टक्के आणि अशा हायब्रिडला 43 होते. 22 सप्टेंबर 2025 पासून दोघींना सरसकट 40. म्हणजे होती ती सवलतही गेली.

इथेनॉलवाली हायक्रॉस ऑगस्ट 2023 मध्ये गडकरींनी दिल्लीत दाखवली ती. ते प्रोटोटाइप होतं. शोरूममधल्या गाडीत शंभर टक्के इथेनॉल भरायला जाऊ नका.

बॅटरीबद्दल फॉरवर्ड गप्प आहे, आणि काका मंडळी नेमकं त्यालाच घाबरतात. घरी चार्जिंग लागत नाही. वॉरंटी 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर. बॅटरी हवेने थंड होते, म्हणून हवा ओढायच्या जाळीवर चटई किंवा पिशवी टाकू नका आणि सर्व्हिसिंगला जाळी साफ करायला सांगा.

राहिले "सात जण सामानासकट". यासाठी शोरूमला एकटं जाऊ नका. आम्ही आईला आणि बंड्याच्या बारावीतल्या मुलाला नेलं, डिकीत टाकायला घरून दोन मोठ्या बॅगा. सेल्समन आईला म्हणाला, "काकू, तुम्ही पुढे बसा, छान व्ह्यू आहे." तिला तिसऱ्या रांगेतच बसवलं. मधल्या दोन सुट्या खुर्च्यांच्या फटीतून ती आत गेली, पण गुडघ्यामुळे बाहेर येताना दोघांचे हात लागले. मग बंड्याने मधली खुर्ची मागे सरकवून पायाची फळी उचलली (टॉप मॉडेलचं मोठं कौतुक!), तर मागे पोराचे गुडघे खुर्चीला टेकले. तिसरी रांग उभी असताना डिकी 300 लिटरची. आमच्या दोन बॅगा उभ्या बसल्या, आणि त्यांच्यावर एक पिशवी. बाकी पाच जणांचं सामान कुठे, असं आईनेच विचारलं.

सेल्समनने टपावरच्या कॅरियरचं कोटेशन काढलं. बंड्याने टोकन भरलं नाही. पुढच्या शनिवारी तो साधी पेट्रोल चालवून बघणार आहे, त्याच बॅगा घेऊन.