शत्रू असला तरी
मानवी हक्कांची भाषा सैन्याचे हात बांधते, असं एका लेखात वाचलं. मी परंपरावादी माणूस. शिक्षा कडक हवी, प्रसंगी युद्धही करावं लागतं, हे मानतो. तरी हे पटलं नाही. युद्धात माणसांशी कसं वागायचं हे ठरवणाऱ्या १९४९च्या चारही जिनिव्हा करारांत कलम ३ समान आहे: शस्त्र खाली ठेवलेल्याचा, जखमीचा, कैद्याचा छळ करायचा नाही, रीतसर न्यायालयाच्या निकालाशिवाय देहदंड द्यायचा नाही. हे आजकालचं खूळ नव्हे. १२१५च्या मॅग्ना कार्टात, म्हणजे इंग्लंडच्या राजाने मान्य केलेल्या सनदेत, राजालाही बजावलं होतं, कायदा सोडून कुणा स्वतंत्र माणसाला कैदेत टाकायचं नाही. जुनं जपायचं म्हणता ना, मग हे आधी जपा! हात मागे बांधून गुडघ्यांवर बसवलेला माणूस शत्रू असेलही, पण त्याला तिथेच गोळी घालणं मला कधीच मान्य होणार नाही. खटल्याला वेळ लागतो, तर लागू दे.